सालीकडून नेमके काय मागायचे?

अमुक झाडाच्या सालीचा अर्क औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर प्रभावी ठरला, अशी बातमी आपल्याकडे अधूनमधून छापून येते. कधी ते झाड अर्जुन असते, कधी बाभूळ, कधी कडुनिंब, कधी कुडा. बातमीत एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचा उल्लेख असतो, काचेच्या तबकडीचे छायाचित्र असते आणि लवकरच औषध येणार असल्याचे आश्वासन असते. औषध येत नाही. काही दिवसांनी दुसरे झाड येते. वाचणाऱ्यांचे मात्र दोन तट पडतात. एका तटाला वाटते, हे सगळे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. दुसऱ्याला वाटते, झाडपाल्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. हे दोन्ही तट सालीला एकाच मापाने मोजतात: ती पेनिसिलिनची जागा घेईल का? माझ्या मते साल ती जागा घेणार नाही. पण निकामी होत चाललेल्या प्रतिजैविकाला पुन्हा कामाला लावणारी मदतनीस म्हणून तिचा उपयोग होऊ शकतो. जखम, हिरडी, आतडे यांसारख्या ठिकाणी, जिथे औषध थेट पोचवता येते, तिथेही तिला वाव आहे. ही शक्यता आपण चुकीचा प्रश्न विचारून वाया घालवत आहोत.

प्रश्न किती गंभीर आहे, हे आधी पाहू. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे दगावली आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी या जिवाणूंचा संबंध होता. हे संकट आपल्या दारातही आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेली नोंद आठवा. आधीच्या वर्षातील अवघ्या तीन महिन्यांत कार्बापेनेम या राखीव ठेवल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू त्यांना २४ नमुन्यांत आढळले होते आणि त्यांतल्या २२ नमुन्यांत एनडीएम-१ हे विकर होते. हे विकर पेनिसिलिनच्या कुळातील जवळजवळ सगळी औषधे फोडून टाकते. असे होणार याची सूचना खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणात दिली होती. अपुरी मात्रा घेतली तर जंतू पेनिसिलिनला सरावतील, असे त्यांनी बजावले होते. पुढे काही दशकांनी नव्या औषधगटांचा ओघ आटत गेला. अशा वेळी कुणी झाडांकडे वळत असेल, तर ते गैर नाही.

औषधांच्या इतिहासात सालीचे स्थान मोठे आहे, यातही शंका नाही. सिंकोनाच्या सालीतून पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी १८२० साली क्विनाइन वेगळे केले. विलोच्या सालीचा तापावर होणारा उपयोग एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मगुरूने १७६३ साली रॉयल सोसायटीला कळवला आणि त्या वाटेचे टोक पुढे ॲस्पिरिनला जाऊन मिळाले. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून कर्करोगावरचे टॅक्सॉल मिळाले. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. पण ही यादी नीट वाचली पाहिजे. क्विनाइन हिवतापाच्या परजीवीवर चालते, विलोच्या वाटेने आलेले सॅलिसिलेट वेदना आणि तापावर, टॅक्सॉल कर्कपेशींवर. रक्तातून शरीरभर जाऊन जिवाणू मारणारे औषध या यादीत नाही. ती औषधे प्रामुख्याने मातीतल्या सूक्ष्मजीवांनी दिली. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक सापडले, तेही अशाच सूक्ष्मजीवापासून. सालीचा आदर बाळगूनही हा फरक मान्य करावा लागतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे.

आता बातमीतल्या तबकडीकडे वळू. पोषक जेलीवर जिवाणू पसरतात, अर्कात भिजवलेली कागदाची चकती वर ठेवतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. चकतीभोवती जिवाणू वाढले नाहीत, तर तिथे स्वच्छ वर्तुळ दिसते. वर्तुळाचा व्यास मोजतात आणि निष्कर्ष लिहितात. ही पद्धत प्राथमिक चाळणी म्हणून चांगली आहे. पण वर्तुळ किती मोठे होईल, हे अर्कातले पदार्थ जेलीत किती सहज पसरतात यावरही अवलंबून असते. शिवाय त्या अर्काने माणसाच्या पेशीही मेल्या असत्या का, हे ती तबकडी सांगत नाही. व्हिनेगर, मीठ, साबण यांनीही जिवाणू मरतात. मारण्याची क्षमता दुर्मीळ नाही. रोग्याला इजा न करता, रोग्याच्या शरीरात, पुरेशा प्रमाणात पोचून मारण्याची क्षमता दुर्मीळ आहे.

साधा हिशेब करून पाहा. एखादा सालीचा अर्क एका मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम या प्रमाणात जिवाणूंची वाढ रोखतो असे धरू. अशा निष्कर्षांवर शोधनिबंध निघतात. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. एवढ्या रक्तात ते प्रमाण राखायचे, तर पाच ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात असायला हवा. तोही पचनात न मोडता, यकृताने न फोडता आणि मूत्रावाटे बाहेर न जाता. ऊतींमधले पाणी धरले तर हा आकडा चाळीस ग्रॅमच्या घरात जातो. उलट पेनिसिलिन संवेदनशील जिवाणूंना मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅमच्या अंशातच रोखते. म्हणजे अंतर हजारो पटींचे आहे. काढ्याचे पेले वाढवून ते भरून निघणार नाही.

यात टॅनिनचा गुंता आणखी आहे. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, कारण तिच्यातील टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटते. तबकडीतही ते जिवाणूंच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना, त्यांच्या विकरांना असेच चिकटते. म्हणून टॅनिनने समृद्ध असलेली जवळजवळ कोणतीही साल तबकडीत थोडीफार यशस्वी ठरते. पोटात गेल्यावर मात्र हेच टॅनिन अन्नातील प्रथिनांना चिकटून बसते आणि रक्तापर्यंत त्यातले फारच थोडे पोचते. जो अर्क तपासायचा, त्यातले टॅनिन काढून टाकल्यावर परिणाम उरतो का, ही चाचणी पहिल्याच पायरीवर व्हायला हवी. ती अनेकदा होत नाही.

इथे संशयवादी वाचक म्हणेल, झाले तर मग, विषय संपला. मला वाटते, विषय इथूनच सुरू होतो. परंपरेने साल कुठे वापरली ते पाहा. बाभळीची साल दातांना, बकुळीची हिरड्यांना, कुड्याची अतिसाराला. सुती जाळी कुजू नयेत म्हणून मच्छीमार ती सालीच्या काढ्यात बुडवत. यातले प्रत्येक ठिकाण पृष्ठभागाचे आहे: हिरडी, आतड्याचे अस्तर, सुताचा धागा. तिथे अर्क रक्तातून पोचवावा लागत नाही. तो दाट प्रमाणात थेट लागतो. रक्ताच्या बाबतीत अशक्य ठरणारा मिलिग्रॅमचा आकडा मलमात किंवा गुळण्यांच्या पाण्यात सहज शक्य असतो. वापरणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सालीचे बळ कुठे चालते हे हेरले होते. त्या अनुभवाचा खरा मान राखायचा, तर संशोधनही तिथेच आधी नेले पाहिजे. मधुमेह्यांच्या पायाच्या चिघळणाऱ्या जखमा, हिरड्यांचे विकार आणि दुभत्या जनावरांचा कासदाह ही उघड क्षेत्रे आहेत. कासदाहावर प्रतिजैविकांचा मोठा वापर होतो. तो थोडा जरी कमी करता आला, तरी माणसांच्या औषधांचे आयुष्य वाढेल.

दुसरी शक्यता मदतनिसाची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. इथे सालीपासून थोडे दूर जाऊन एक उदाहरण घेतो. बीचम या ब्रिटिश कंपनीतील संशोधक १९७० च्या दशकात मातीतले सूक्ष्मजीव तपासत होते. जिवाणू कोण मारतो, हा नेहमीचा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. जिवाणूंचे पेनिसिलिन फोडणारे विकर कोण बंद पाडतो, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. ते स्वतः जिवाणू मारण्यात अगदी दुबळे आहे. जुन्या चाचणीत कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिले नसते. पण ॲमॉक्सिसिलिनबरोबर दिले की ते त्याचे गेलेले बळ परत आणते. ही जोडी ऑगमेंटिन नावाने १९८१ साली बाजारात आली आणि आज आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक औषधाच्या दुकानात कुठल्या ना कुठल्या नावाने मिळते. प्रश्न बदलला म्हणून औषध सापडले.

वनस्पतींना हा डाव फार आधीपासून साधलेला दिसतो. झाडाला धावता येत नाही आणि आपल्यासारख्या रक्तातून फिरणाऱ्या रक्षक पेशीही त्याला नसतात. सालीच्या आतल्या थरातून साखर वाहते आणि तिच्यावर असंख्य जंतूंचा डोळा असतो. म्हणून झाड एकाच जालीम विषावर विसंबत नाही. अनेक सौम्य द्रव्ये एकत्र वापरते. फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दारुहळदीच्या अमेरिकी भाऊबंदांवर केलेले काम या दृष्टीने मोलाचे आहे. या झुडपांत बर्बेरिन असते. ते स्टॅफिलोकॉकस जिवाणूवर एकट्याने फारसे चालत नाही, कारण जिवाणूच्या पेशीपटलातले उपसा पंप ते बाहेर फेकतात. गळक्या होडीत शिरणारे पाणी नावाडी डबड्याने सतत उपसत राहतो, तसेच हे काम चालते. पण त्याच झुडपात दुसरे एक द्रव्य सापडले, जे स्वतः जिवाणू मारत नाही. ते नावाड्याचा हात धरते. पंप थांबला की बर्बेरिन आत साचते आणि जिवाणू मरतो. अनेक प्रतिजैविकांना निकामी करणारे पंप याच प्रकारचे आहेत, म्हणून या शोधाचे महत्त्व एका झुडपापुरते उरत नाही.

आपल्या कुड्याच्या सालीतही अशी शक्यता दिसते. तिच्यातले मुख्य अल्कलॉइड कोनेसिन. ते पहिल्यांदा वेगळे केले गेले मुंबईत, १८५८ साली, हेन्स या रसायनतज्ज्ञाकडून. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, २०१७ साली, थायलंडमधील संशोधकांनी दाखवले की स्यूडोमोनास या रुग्णालयात ठाण मांडून बसणाऱ्या जिवाणूचा एक उपसा पंप कोनेसिन रोखते आणि त्यामुळे काही प्रतिजैविके पुन्हा परिणामकारक होतात. हे यश प्रयोगशाळेतले आहे, रोग्याच्या खाटेवरचे नाही. जिवाणूंचा उपसा पंप रोखणारे एकही औषध अजून रुग्णोपचारात आलेले नाही. विषारीपणा हा त्यातला मोठा अडसर आहे. कोनेसिनही त्याला अपवाद नाही: विसाव्या शतकात ते अमिबाजन्य आमांशावर दिले गेले, तेव्हा काही रुग्णांत निद्रानाश, अस्वस्थता आणि भ्रम दिसले होते. तरीही मला ही वाट आशेची वाटते, कारण इथे काय शोधायचे आणि कुठे अडते, हे दोन्ही स्पष्ट आहे.

या मांडणीवर परंपरावादी मंडळींचे दोन आक्षेप येतात. पहिला असा की, चरकसंहितेपासून कुटज, म्हणजे कुडा, वापरात आहे, मग नव्या चाचण्या कशासाठी? याचे उत्तर रोगात आहे. वैद्यांनी कुटज दिला तो अतिसाराला, आणि अतिसाराचे बरेच प्रकार रोग्याचे पाणी राखले तर आपोआप ओसरतात. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातला क्लेब्सिएला हा जिवाणू वेगळा शत्रू आहे. एका रोगातला अनुभव दुसऱ्या रोगाचा पुरावा होत नाही. शिवाय बाजारातली साल खरोखर कुड्याचीच आहे का? काळ्या कुड्याची साल तिच्यात मिसळली जाते, ही जुनी तक्रार आहे. ग्रंथात गुण एका झाडाचे सांगितले आणि रोग्याच्या पोटात गेले दुसरेच, तर परंपरेचा आधार तिथेच तुटतो.

दुसरा आक्षेप अधिक पसरलेला आहे: वनस्पतीत अनेक द्रव्ये असतात, म्हणून जिवाणू तिला सरावू शकत नाहीत. हे ऐकायला पटते, पण त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ज्या विलोच्या सालीने सॅलिसिलेटची ओळख करून दिली, त्या सॅलिसिलेटच्या सान्निध्यात ई. कोलाय हा जिवाणू आपली संरक्षण यंत्रणा जागी करतो आणि एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना कमी दाद देऊ लागतो, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे वनस्पतीतले द्रव्य प्रतिरोध मोडू शकते तसे वाढवूही शकते. मात्रा, वेळ आणि सोबतचे औषध यावर ते ठरते. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, या समजुतीने सौम्य अर्क सगळीकडे ओतत राहिलो, तर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनबाबत सांगितलेली चूक आपण सालीबाबत करू.

झाडाचाही विचार करायला हवा. पाने तोडली तर नवी येतात, फळे दरवर्षी लागतात. साल मात्र बुंध्याभोवती गोल सोलली की मुळांकडे जाणारे अन्न थांबते आणि झाड मरते. टॅक्सॉलच्या वेळी अमेरिकेत हीच भीती उभी राहिली: एका रुग्णासाठी सावकाश वाढणारी कित्येक जुनी झाडे मारावी लागत होती. अखेर युरोपातील यूच्या पानांमधून मिळणाऱ्या द्रव्यापासून टॅक्सॉल घडवण्याची रीत निघाली आणि झाडे वाचली. आपल्या सह्याद्रीत मात्र नरक्या या झाडाचे उलट झाले. कॅम्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य त्यात असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले, आणि तेही मुंबईतल्या गोरेगावच्या प्रयोगशाळेतून. पुढे या द्रव्यापासून घडवलेली औषधे जगभर गेली. नरक्याच्या वाट्याला बेसुमार तोड आणि तस्करी आली. सीतेचा अशोक तर सालीच्या मागणीमुळेच अनेक जंगलांतून विरळ होत गेला आहे. उद्या एखादी साल खरोखर गुणकारी ठरली आणि लागवडीची किंवा प्रयोगशाळेत द्रव्य घडवण्याची तयारी आधी झालेली नसेल, तर यशाची बातमी हीच त्या झाडाची मृत्युघंटा ठरेल.

साल ओळखणाऱ्या माणसांचेही तसेच. कातकरी, ठाकर, वारली, कोरकू यांच्या ओळखीवर आपले बरेचसे वनौषधीज्ञान उभे आहे. जैवविविधता कायदा २००२ साली झाला, तेव्हा लाभाचा वाटा स्थानिकांपर्यंत पोचावा असा त्याचा हेतू होता. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला आणि आयुष चिकित्सकांना या वाटणीतून मोठी सूट दिली. मला ही दुरुस्ती अन्यायाची वाटते. ज्ञान ग्रंथात आले म्हणजे ते जंगलातून संपले असे होत नाही. कोणत्या डोंगरावरचे झाड, कोणत्या ऋतूत, किती साल काढली तर ते जगते, हे आजही तिथल्याच माणसांना माहीत असते. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने आपला बांबू स्वतः विकून दाखवला. सालीच्या बाबतीतही गावाचा हक्क आणि झाडाचे जगणे यांची अशी सांगड घालता येईल.

मग करायचे काय? कायद्यात एक चांगली वाट आधीच आहे. औषध नियमांत २०१५ साली फायटोफार्मास्युटिकल हा वर्ग आला. किमान चार घटक मोजून प्रमाणित केलेला शुद्ध वनस्पती-अंश या वर्गात नव्या औषधासारखा तपासून बाजारात आणता येतो. ग्रंथाच्या आधारावर परवाना मिळणारे चूर्ण आणि कारखान्यात घडवलेले एकच रसायन यांच्या मधली ही वाट सालीच्या मिश्र स्वभावाला साजेशी आहे. पण तिथवर पोचायला तबकडीच्या पुढे जावे लागते. वनस्पतीचा नमुना जपून ठेवणे, रुग्णालयातून आलेल्या खऱ्या प्रतिरोधी जिवाणूंवर तपासणे, अर्क एकटा आणि प्रतिजैविकाबरोबर असा दोन्ही प्रकारे पाहणे, त्याच मात्रेत माणसाच्या पेशींचे काय होते ते मोजणे, नंतर प्राणी आणि मग माणसे. हे दोन वर्षांच्या एमएस्सी प्रकल्पात बसत नाही. वनस्पतिशास्त्राचा विभाग, वैद्यकीय महाविद्यालयाची सूक्ष्मजीव प्रयोगशाळा आणि औषधनिर्माणाचे जाणकार एकत्र आले, तरच ते शक्य आहे. निधी देणाऱ्यांनी शंभर तबकड्यांऐवजी अशा चार-पाच जोड्यांना दहा वर्षे साथ द्यावी आणि अपयशी निष्कर्षही छापायला लावावेत, म्हणजे पुढचा विद्यार्थी तीच साल पुन्हा पहिल्यापासून तपासत बसणार नाही.

हे होईपर्यंत रुग्णाला सांगायचे ते वेगळे आहे. न्यूमोनिया, रक्तातला संसर्ग, मेंदूज्वर यांवर काढ्याच्या भरवशावर घालवलेला एकेक तास जिवावर बेतू शकतो. आहेत ती प्रतिजैविके वाचवण्याचे मार्ग स्वच्छ पाणी, लस, हात धुणे आणि चिठ्ठीशिवाय गोळ्या न घेणे हेच आहेत. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक करणारी एच-१ अनुसूची २०१४ पासून लागू आहे; तिची अंमलबजावणी कुठल्याही अर्कापेक्षा लवकर जीव वाचवेल.

म्हणून पुढच्या वेळी सालीची बातमी येईल, तेव्हा वाचकाने, संपादकाने आणि विद्यापीठाच्या मार्गदर्शकाने काही गोष्टी विचाराव्यात. टॅनिन काढल्यावर परिणाम उरला का? प्रतिजैविकाबरोबर दिल्यावर किती फरक पडला? त्याच मात्रेत माणसाच्या पेशी जगल्या का? साल कुठून आणली आणि ते झाड उभे आहे का? ज्याने ते दाखवले, त्याला काय मिळाले? या प्रश्नांची उत्तरे देणारे एक जरी संशोधन महाराष्ट्रातून पूर्ण झाले, तरी ते तबकडीवरच्या हजार वर्तुळांपेक्षा मोलाचे असेल. ते करण्याइतके ज्ञान, जंगल आणि रुग्णालये आपल्याकडे आहेत. कमी आहे ती शेवटपर्यंत तपासण्याची चिकाटी, आणि ती आणणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.